तीन पायांच्या सम्राटाला कसं पाडावं

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने रोज नोंदी ठेवाव्यात, असं मी नववीच्या मुलांना अठ्ठावीस वर्षं सांगतोय. स्वतः ठेवल्या नव्हत्या, कारण तसं काही घडलं नव्हतं. काल घडलं.

पेठेतल्या वाचनालयाने मला निर्लेखन समितीवर घेतलं. निर्लेखन म्हणजे जुनी, फाटकी, कुणी वाचत नाही अशी पुस्तकं यादीतून काढायची आणि रद्दीत घालायची. मागची खोली रिकामी करून तिथे स्पर्धा परीक्षेवाल्या मुलांची अभ्यासिका करायची आहे. समितीत तिघं. अध्यक्ष हंबीरराव, एके काळचे पैलवान, आता दूध डेअरी. ग्रंथपाल संघप्रिया, वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढी, नजर मात्र मुख्याध्यापिकेची. आणि विज्ञानशिक्षक म्हणून मी. हंबीरराव फोनवर म्हणाले, जोतीराम सर, कडक माणूस पायजे हुता, तुमच्याबिगर कोण न्हाय. खरं आहे.

संकल्प: एक, कचऱ्याला दयामाया नाही. दोन, यंदा एक तरी जाडजूड वैचारिक पुस्तक शेवटपर्यंत. तीन, दिवसात चहा दोनदाच.

सायंकाळी ६. तिसरा चहा झाला. मोजणी उद्यापासून.

३ नोव्हेंबर
मागची खोली पाहिली. कचऱ्याचा अर्क म्हणावा अशी एक मालिका सापडली. 'मंगळमल्ल', भाग एक ते तेरा. लेखक वज्रबाहू. खरं नाव कुणालाच माहीत नाही, लाजेने लपवलं असणार. गगनबावड्याच्या धुक्यात वाट चुकलेला कोल्हापूरचा एक पैलवान थेट मंगळावर पोचतो आणि तिथल्या तीन पायांच्या लोकांशी कुस्त्या करतो, असला प्रकार. मुखपृष्ठावर लंगोट लावलेला मल्ल, मागे दोन चंद्र आणि राजकन्या लोहिताक्षी, जिचे कपडे थंड ग्रहाला शोभण्यासारखे नाहीत.

सातवीत असताना वाचली होती. त्यानंतर हात लावलेला नाही.

पण न वाचता काढून टाकणं अशास्त्रीय. म्हणून भाग एक घरी आणला. माझ्या नावावर 'पदार्थविज्ञानाची मूलतत्त्वे' (पृष्ठं ८१२) आहे. त्याच्याखाली 'मंगळमल्ल' लिहिलं तर लौकिक जाईल. आईच्या नावावर आणला. आई, म्हणजे बयाबाई, वय ८१. ज्येष्ठ नागरिक म्हणून कार्ड फुकट आहे. संघप्रियाने मान वर न करता नोंद केली. कार्डाचा नंबर विचारला नाही. तिला पाठ असावा, का ते माहीत नाही.

४ नोव्हेंबर
नवी दोनशे पानी वही घेतली. नाव: 'ग्रहसाहसकथांतील वैज्ञानिक प्रमाद: एक चिकित्सा'. पुढे पुस्तक होईल. प्रस्तावना कुणाची घ्यावी, याचा विचार शाळेत जाताना केला.

भाग एकमध्ये प्रमाद ४१. उदाहरणार्थ, मंगळावर आखाड्याची तांबडी माती आयती आहे (पान ९). तिच्यात ताक, हळद आणि लिंबू मिसळतात (पान १०). ताक म्हणजे दूध, दूध म्हणजे म्हैस, म्हैस म्हणजे वैरण, आणि तिथे गवताची काडी नाही. धुक्यातून मंगळावर जाता येत नाही (पान ३). गगनबावड्याच्या धुक्यात माणूस वाट चुकतो, हे मात्र बरोबर.

७ नोव्हेंबर
भाग दोन. प्रमाद १७. भाग तीन. प्रमाद ६.

९ नोव्हेंबर, रविवार
भाग चार. प्रमाद नाहीत. लेखक सुधारला आहे, किंवा कुस्तीच्या पानांवर पेन्सिल हातात नव्हती.

वर्षाराणीने सकाळी सकाळी सुताराचा विषय काढला. बेडरूममधल्या लाकडी कपाटाचा एक पाय सहा वर्षांपूर्वी मोडला होता. मी तिला शांतपणे समजावलं की कपाट हलत नाही, त्याअर्थी ते संतुलनात आहे, त्याअर्थी सुताराची गरज नाही. ती म्हणाली, अहो, तुम्ही सायन्स शिकवता का कारणं शिकवता? बायकोला भौतिकशास्त्र समजावणं अवघड असतं.

१३ नोव्हेंबर
शाळेत मोकळ्या तासाला काम करता यावं म्हणून पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि वर 'बोर्डाची परिपत्रके' लिहिलं. मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, नवीन परिपत्रक आलंय का, जरा वाचून दाखवा. मी म्हणालो, अजून मसुदाच आहे. ते म्हणाले, मसुदा वाचताना तुमच्या मुठी का आवळल्यात? ब्लडप्रेशर तपासून घ्या, असा प्रेमळ सल्ला दिला.

तपासलं. वाढलंय. भाग सातचा परिणाम. राजकन्येला काचेच्या बुरुजात कोंडलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार
संध्याकाळी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून काम केलं. आई शेजारी सुपात शेंगा फोडत होती. मी मनातल्या मनात वाचतो, ही माझी जुनी सवय. तरी जेवताना आईने विचारलं, ती लोहिताक्षी सुटली का रं बुरुजातनं? आईला हे नाव कुठून कळलं, हे गूढ आहे. वर्षाराणी म्हणाली, कुस्ती आली की तुमचा आवाज पार बोळाच्या टोकापर्यंत जातो, पलीकडच्या काकू काल शिट्टी मारत होत्या. निराधार.

सांगून टाकलं, सुटली. आई म्हणाली, बरं झालं बाई.

२० नोव्हेंबर
भाग दहा. मुख्य शास्त्रीय प्रश्न आता स्पष्ट झाला आहे. दोन पायांच्या पैलवानाचा पट काढला, म्हणजे खाली वाकून त्याचा एक पाय ओढला, की तो एका पायावर येतो आणि पडतो. मंगळावरच्या त्रिपाद सम्राटाचा एक पाय ओढला तरी तो उरलेल्या दोन पायांवर तुमच्या-आमच्यासारखा आरामात उभा. आठ भाग झाले, मल्ल तीच चूक करतोय.

नववी ब मध्ये गुरुत्वमध्याचा धडा दोन आठवडे आधीच घेतला. लॅबमधल्या तीन पायांच्या स्टुलाचा पट काढून दाखवला. स्टूल पडलं. पण स्टूल दोन पायांवर उभं राहू शकत नाही आणि सम्राट राहतो, तेव्हा प्रयोग बाद. एका मुलीने विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का? आहे म्हणालो.

२९ नोव्हेंबर
भाग तेरा संपला. मल्ल आणि त्रिपाद सम्राट आमनेसामने. जिंकला तर राजकन्या आणि घरी परतायची वाट, हरला तर जन्मभर मंगळ. सलामी झाली आणि पुस्तक संपलं. खाली छापलंय, शेवट भाग चौदामध्ये. वाचनालयात भाग चौदा नाही. कधीच नव्हता.

प्रमादांची वही सापडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
निर्लेखन समितीची बैठक. मी सकस वाचन या विषयावर पंचवीस मिनिटं बोललो. समाजाची अभिरुची, तरुण पिढी, विवेक, सगळं आलं. बोलणं जमलं. चहा आला तेव्हा हंबीररावांनी हळूच विचारलं, सर, मग ही मंगळमल्लाची तेरा बी काढायची म्हंता? आवाज एकदम बारीक काढला होता, एवढ्या मोठ्या माणसाला शोभेना.

माझी योजना अशी होती की ती 'संदर्भासाठी' वेगळी ठेवावीत असं सुचवायचं. पण पंचवीस मिनिटं बोलून झाल्यावर ते कसं सुचवणार. म्हणालो, सगळ्यात आधी तीच.

संघप्रियाने नियम वाचून दाखवला. गेल्या तीन वर्षांत ज्या पुस्तकाला वाचक आहे ते काढायचं नाही, निदान त्या वाचकाला विचारायचं. वाचकाने वाचनालयाच्या वर्धापनदिनापर्यंत स्वतः येऊन सांगितलं की हे मी वाचतो, मला हवं आहे, तर पुस्तक राहील. मग रजिस्टर उघडून म्हणाली, ह्या पुस्तकांना वाचक आहे. बयाबाई. सर, तुमच्या आई ना?

हंबीरराव माझ्याकडे बघत होते. संघप्रिया रजिस्टरकडे बघत होती, म्हणजे तीही माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, म्हातारं माणूस, वेळ घालवायला चाळते, तिची काही हरकत नाही. आणि यादीवर पहिली सही मीच केली. वर्धापनदिन चार जानेवारीला, रद्दीचा टेम्पो पाचला.

हंबीरराव निघताना म्हणाले, लई कडक हाईसा सर. कौतुक होतं, पण त्यांचा चेहरा पडला होता. बहुधा गुडघा दुखत असावा.

१ डिसेंबर
निर्णय योग्य होता. झोप नीट लागली नाही, ते चहामुळे.

७ डिसेंबर, रविवार
वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं मोठं कपाट हलवलं. मागे भिंतीला चिकटून, वाळवीने न खाल्लेला, भाग चौदा!

यादीत तो नाही. त्याअर्थी तो काढता येत नाही. त्याअर्थी तो नेता येतो. आईच्या नावावर.

७ डिसेंबर. दुपारी ३.४०
शेवटचं पान फाडलेलं आहे.

कुणीतरी पट्टी लावून, सरळ रेषेत, विचारपूर्वक फाडलंय. आधीच्या पानाचं शेवटचं वाक्य असं: 'सम्राटाने मांडी थोपटली, लोहिताक्षीने डोळे मिटले, आणि मल्लाने त्या तिसऱ्या पायाकडे पाहून मनाशी एक डाव ठरवला तो म्हणजे'.

पुढे पुठ्ठा.

पान फाडणाऱ्याला मी ओळखत नाही, पण तो आयुष्यात सुखी नसणार.

सायंकाळी आईने विचारलं, पडला का त्यो तीन पायाचा? मी म्हणालो, पान नाही. ती म्हणाली, पान न्हाय म्हंजी? आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवून देवघरात जाऊन बसली. ती इतकी नाराज नातवाच्या दहावीच्या निकालालाही झाली नव्हती.

१४ डिसेंबर, रविवार
इचलकरंजीच्या एका जुन्या वाचनालयात ही मालिका आहे असं कळलं. वर्षाराणीला सांगितलं, तुझ्यासाठी साडी बघून येतो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग सोबत आली. चार दुकानं फिरलो. मी पाणी पिऊन येतो म्हणून वाचनालयात पळालो. तिथल्या भाग चौदाचं शेवटचं पान शाबूत आहे म्हणे, पण पुस्तक एका वाचकाने अकरा वर्षांपूर्वी नेलं आणि तो सुरतेला गेला.

साडी जांभळी. तिला आवडली. निदान एक संशोधन फळाला आलं.

१७ डिसेंबर
विज्ञान थांबतं तिथे अनुभवी माणसाला विचारावं. डेअरीवर जाऊन हंबीररावांना केवळ काल्पनिक म्हणून विचारलं, समजा एखाद्या पैलवानाला तीन पाय असले तर? ते लगेच म्हणाले, पट चालणार न्हाय. इतक्या लगेच की जणू बरीच वर्षं विचार करून ठेवला होता. मग म्हणाले, उभं ऱ्हावा, दावतो. मी पायात काठी घेऊन त्रिपाद झालो. त्यांनी ढाक नावाचा डाव लावला. दुधाचे कॅन, छताचा पत्रा, पुन्हा दुधाचे कॅन, असं काहीसं दिसलं.

डाव चुकला. काठी उभी राहिली, मी पडलो. शाळेत सांगितलं की प्रयोगशाळेत दुखापत झाली. ते खोटं नाही.

२४ डिसेंबर
संघप्रियाचा फोन. वर्धापनदिनाला 'उत्कृष्ट वाचक' पुरस्कार देतात, रजिस्टर बघून, वर्षात ज्याने सर्वांत जास्त पुस्तकं नेली त्याला. मी आवाज खाली घेतला आणि म्हणालो, माझ्यापेक्षा योग्य माणसं असतील. ती म्हणाली, आहेत, सर. तुमच्या आई. ९६ पुस्तकं.

आकडा पटला नाही. जाऊन रजिस्टर पाहिलं. जानेवारीपासून नोंदी आहेत. 'शुक्रावरचा शिलेदार', 'शनीच्या कड्यात कैद', 'बुधावर बंड', आणि 'मंगळमल्ल' एक ते तेरा, तीनदा. सातवीनंतर हात लावला नाही असं वर लिहिलंय. ते ढोबळमानाने खरं धरावं. काही पुस्तकं चुकून आली असतील. ९६ वेळा चुकणं शक्य आहे, संभाव्यतेच्या नियमात बसतं.

संघप्रिया म्हणाली, सर, त्या दिवशी आई स्टेजवर बोलणार ना? आणि रजिस्टर मिटलं. एवढ्याशा मुलीला इतकं सावकाश रजिस्टर मिटता येतं, हे मला माहीत नव्हतं.

१ जानेवारी २०२६
नवीन वर्ष. संकल्प: जुनेच, पण या वेळी खरे.

आईला शिकवलं, शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, म्हणायचं की मला संतवाङ्मय आवडतं, आणि खाली उतरायचं. ती म्हणाली, पर मी तर मंगळाचं ऐकतो की. मी म्हणालो, ते लोकांना सांगायचं नसतं. का न्हाय? म्हणाली. मी पाच मिनिटं कारण दिलं. आता ते आठवत नाही.

माझं भाषण तयार आहे. 'वैज्ञानिक दृष्टी आणि सकस वाचन', चार पानं. आई बोलली की लगेच माझं. तेरा पुस्तकं रद्दीत जाणार हे मनातून काढून टाकलंय. दिवसातून चार-पाचदा काढतो.

४ जानेवारी, रविवार. सायंकाळी ७
घडलं तसं लिहितो.

सभागृहात दीडशे माणसं. आईने नवीन नऊवारी नेसली होती. शाल झाली, नारळ झाला. माईक तिच्या उंचीला आणेपर्यंत ती थांबली आणि बोलायला लागली. मला दुसरीपस्तोर शाळा, म्हणाली. मोतीबिंदू काढल्यापास्नं अक्षार दिसतंय, पर जुळत न्हाय. ही पुस्तकं म्या न्हाय वाचली, माझ्या जोतीरामानं वाचली. सोप्यात बसून मोठ्यांदा वाचतोय आणि त्येला वाटतंय मनात वाचतोय. मी शेंगा फोडत ऐकतो. ह्येचं वडील रोज सकाळी मला पेपर वाचून दावायचं. ते गेलं, त्याला सा वर्सं झाली. तवापास्नं घरात कोण मोठ्यांदा वाचत न्हवतं. आता वाचतंय. तवा बक्षीस त्येला द्या, आणि ती पुस्तकं रद्दीत घालू नगासा, मला अजून ऐकायची हाईत.

मी पहिल्या रांगेत होतो. भाषणाचं चौथं पान तीनदा वाचलं, एक शब्द कळला नाही. बाबा पेपर मोठ्याने वाचायचे, ती त्यांची सवय आहे असं आम्ही समजत होतो. कधी कधी हसायचोही. ते आईसाठी वाचायचे, हे मला छप्पन्नाव्या वर्षी, दीडशे लोकांत, माईकवरून कळलं. रुमाल काढावा लागला. इथे लिहायला हरकत नाही, दुसरं कोण वाचणार आहे.

आई उतरता उतरता पुन्हा माईककडे वळली आणि विचारलं, कुणी वाचलं आसंल तर सांगा बाबानू, त्यो तीन पायाचा पडला का न्हाय?

 मग मागच्या रांगेतून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले, ढाक लावली आसणार. दुसरे म्हणाले, तीन पायाला ढाक? डोकं हाय का? कलाजंग! निवृत्त तलाठी उठले, एक डॉक्टर उठले, सोन्याच्या दुकानाचे मालक उठले. पन्नाशीपुढचे सगळे पुरुष आणि दोन बायका उभं राहून भांडायला लागल्या. सगळ्यांना भाग तेरापर्यंत सगळं तोंडपाठ. इतकी वर्षं ही माणसं माझ्याशी देशाच्या अर्थकारणावर बोलत होती!

मग हंबीरराव उठले. कान लालबुंद. म्हणाले, पान म्या फाडलंय. आठवीत हुतो. डाव शिकून तालमीत लावायचा हुता.  सगळे एकदम ओरडले, मग डाव कंचा? ते म्हणाले, डाव न्हाईच त्यात. लिवलंय, 'तो डाव असा होता की शब्दांत सांगता येणार नाही', आणि पुढच्या वळीत सम्राट चीत. म्या चाळीस वर्सं गप बसलो, कुणाला तोंडानं सांगू?

यानंतर माझं भाषण होतं. मी माईकसमोर गेलो तो सकस वाचनावर बोलायलाच. तोंडातून निघालं, शब्दांत सांगता येणार नाही म्हणजे काय? हा काय प्रकार आहे? सातवीपासून माणूस वाट बघतो! मग मी सगळं सांगितलं. तेरा भागांतल्या सगळ्या कुस्त्या, पान क्रमांकासह. सांगताना लक्षात आलं की माईकचं स्टँड तीन पायांचं आहे. त्याचा एक पाय ओढून दाखवला, स्टँड सरकलं, पडलं नाही. दुसरा ओढला. तेच. तिसऱ्या वेळी माझी चप्पल वायरीत अडकली आणि मी त्याच्यावर गेलो, कुठल्याही पायाकडून नव्हे, दोन पायांच्या बरोबर मधल्या फटीकडे. स्टँड खाडकन उताणं. माईक पाहुण्यांच्या हारात.

पडल्या पडल्या मला कळलं. पाय धरायचाच नाही! पायाच्या दिशेने तिपाई भक्कम असते, दोन पायांच्या मधल्या बाजूला कच्ची. तिथे छाती लावून रेटायचं. मी जमिनीवरूनच ओरडून सांगितलं. हंबीररावांनी मला उठवलं आणि मैदानात विजयी मल्लाचा करतात तसा माझा हात वर केला. टाळ्या बराच वेळ चालल्या. आई पहिल्या रांगेतून विचारत होती, म्हंजी पडला न्हवं?

पडला, म्हणालो.

संघप्रियाने तिथेच यादी आणली. वाचकाने स्वतः येऊन सांगितलं, असं लिहून माझ्यापुढे केली. 'मंगळमल्ल' तेरा भाग, अधिक एक, यादीतून वगळले. या वेळची सही जरा मोठी आली, ती पेन जाड असल्यामुळे.

५ जानेवारी
टेम्पो आला आणि बाकीची रद्दी घेऊन गेला. शाळेत मुख्याध्यापकांनी 'परिपत्रके' मागितली. भाग सात ते दहा दिले.

आता लपवाछपवी बंद. उद्या माझ्या स्वतःच्या नावावर भाग एक आणायचा. वाचकाने ताठ मानेने वाचावं.

६ जानेवारी. सायंकाळी ५.३०
गेलो. काउंटरवर मोठ्याने सांगितलं, माझ्या नावावर. रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. संघप्रियाने माझं पान उघडलं आणि म्हणाली, सर, देता येत नाही. तुमच्या नावावर 'पदार्थविज्ञानाची मूलतत्त्वे' २०१९ पासून थकलंय. ते जमा करा, मग न्या.

मी म्हणालो, ते मी सावकाश, मुळातून वाचतोय, आत्ता आणून देतो. घरी येऊन सगळी शेल्फं पाहिली. नाही. माळा पाहिला. नाही. वर्षाराणीने विचारलं, काय शोधताय, आणि सांगितल्यावर जांभळ्या साडीचा पदर तोंडाला लावून हसत खाली बसली. म्हणाली, अहो, तुम्हीच घातलंय की, कपाटाच्या मोडक्या पायाखाली. जाड आहे, बरोब्बर बसतंय म्हणाला होता.

वाकून पाहिलं. आहे. आठशे बारा पानं, एकही दुमडलेलं नाही.

ओढलं तर कपाट तीन पायांवर येणार. तीन पायांवर काय होतं, या विषयात आज जिल्ह्यात माझ्याइतका अधिकारी माणूस नाही. आणि मोडक्या पायाच्या बाजूला माझा पलंग आहे.

राहू दिलं. परत गेलो. भाग एक आईच्या नावावर आणला. संघप्रियाने नंबर विचारला नाही.

आई सोप्यात शेंगांचं सूप घेऊन बसली आहे. म्हणतेय, धुक्यापास्नं सुरू कर, आणि मोठ्यांदा वाच. तिला सांगितलं, मी मनातच वाचतो.